नीतिसूत्र आणि अभिवचन: दोन्ही खरी, पण भिस्त कशावर किती ठेवायची?

खडकीत, वडगाव शेरीत, रास्ता पेठेत, मराठी ख्रिस्ती घरात शिरलं की बाहेरच्या खोलीत एखादं वचन फ्रेम करून लावलेलं दिसतंच. समजा, एकाच भिंतीवर अशा दोन फ्रेम आहेत. एकीत नीतिसूत्रे २२:६ आहे: मुलाला योग्य शिक्षण दे, म्हणजे म्हातारपणीही तो त्यापासून ढळणार नाही. दुसरीत इब्री १३:५: मी तुला सोडून जाणार नाही, तुला टाकणार नाही. दोन्ही पवित्र शास्त्रातली, दोन्ही खरी. पण पहिलं नीतिसूत्र आहे आणि दुसरं अभिवचन. आपण मात्र दोन्हींवर सारखाच भार टाकतो. मंडळीतल्या कितीतरी भल्या माणसांच्या मनाला लागलेली टोचणी इथूनच सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

नीतिसूत्र म्हणजे देवाचं भय धरून, जगाकडे डोळसपणे पाहून मांडलेलं शहाणपण. असं वागलं की बहुतेक असं घडतं, म्हणून असं वाग. अभिवचन म्हणजे देवाने स्वतः दिलेला शब्द: मी हे करीन. नीतिसूत्रातलं ‘बहुतेक’ लिहिलेलं नसतं, पण ऐकणाऱ्याने ते धरून चालायचं असतं. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण खरी आहे. एखाद्या वर्षी पाऊसच दडी मारून बसला तर म्हण खोटी ठरली असं कोणी म्हणत नाही, आणि तळ्याच्या मालकाला कोणी दोषही देत नाही.

नीतिसूत्रांचं पुस्तक हे स्वतःच दाखवून देतं. २६व्या अध्यायातली चौथी आणि पाचवी ओवी पाहा. चौथी सांगते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. लगेच पाचवी सांगते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. दोन्ही नियम म्हणून घेतले तर एकमेकांना खोडतात. शहाणपण म्हणून घेतले तर दोन्ही उपयोगी पडतात. आज कोणता वापरायचा हे समोरचा माणूस आणि प्रसंग पाहून ठरवायचं. त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की मूर्खाच्या तोंडी नीतिसूत्र म्हणजे झिंगलेल्या माणसाच्या हातातला काटा. चांगलं वचनही चुकीच्या हातात जखम करतं, हे त्याच पुस्तकाने सांगून ठेवलंय.

आता २२:६ कडे येऊ, कारण सगळ्यात जास्त जखमा याच वचनाने झालेल्या मी पाहिल्या आहेत. एखादी आई असते. मुलाला दर रविवारी संडे स्कूलला नेलं, रात्री झोपताना प्रार्थना शिकवली, स्तोत्र २३ तोंडपाठ करून घेतलं. मुलगा शिकला, हिंजवडीत नोकरीला लागला, बाणेरला फ्लॅट घेतला आणि हळूहळू चर्चला येईनासा झाला. नाताळला येतो, तेही आईसाठी. महिला मंडळाच्या सभेत हे वचन वाचलं जातं आणि ती मान खाली घालते. तिचा हिशोब साधा असतो: देवाचा शब्द खोटा होत नाही, म्हणजे माझंच शिकवणं खोटं होतं. तिला हा हिशोब कोणी समोरासमोर ऐकवत नाही, पण खोडूनही काढत नाही.

पवित्र शास्त्र खोडून काढतं. यशया १:२ मध्ये देव स्वतः म्हणतो की मी मुलं वाढवली, लहानाची मोठी केली, पण ती माझ्यावर उलटली. त्या बापाच्या वळणात काय कमी होतं? शमुवेल संदेष्ट्यासारखा माणूस, पण त्याचे मुलगे लाच खात होते, हे १ शमुवेल ८ मध्ये आहे. नीतिसूत्रे २५:१ सांगतं की पुढचे अध्याय यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी नकलून काढले. म्हणजे या राजाच्या पदरी नीतिसूत्रं जतन करणारी माणसं होती. त्याच हिज्कीयाचा मुलगा मनश्शे. त्याने बापाने पाडलेली मूर्तिपूजेची उच्चस्थानं पुन्हा बांधली आणि यरुशलेम निरपराध रक्ताने भरलं. मनश्शेचा मुलगा आमोन बापासारखाच निघाला. उलट त्या आमोनच्या घरातून योशीया आला, देवाकडे मनापासून वळलेला राजा. यहेज्केल १८ तर स्पष्टच सांगतं की बापाचा हिशोब बापाचा आणि मुलाचा मुलाचा.

मग २२:६ चा उपयोग काय? खूप आहे. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी ते आहे. लहानपणी लावलेलं वळण खोल जातं, म्हणून आत्ताच लावा, पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. हे वचन वाढवणाऱ्याच्या हातात द्यायचं आहे. वीस वर्षांनी त्याच्या निकालपत्रासारखं त्याच्यापुढे धरायचं नाही. आणि आशेलाही त्यात जागा आहे. मनश्शे पुढे कैदेत पडला, तिथे नम्र झाला आणि देवाकडे वळला, असं २ इतिहास ३३ मध्ये लिहिलंय. बापाने शिकवलेलं तेव्हा त्याला आठवलं असेल का, ते शास्त्र सांगत नाही. आपणही ठोकून सांगू नये.

नीतिसूत्राला अभिवचन मानलं की माणूस दुसऱ्यालाही दोषी ठरवू लागतो. ईयोब या नीतिमान माणसावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी नेमकं हेच केलं. त्यांच्यातला अलीफज विचारतो, निरपराध माणसाचा कधी नाश झालाय का? त्यांची बरीच वाक्यं सुटी काढली तर नीतिसूत्रांत शोभतील अशी आहेत. अलीफजचंच एक वाक्य, देव शहाण्यांना त्यांच्याच धूर्तपणात पकडतो हे, प्रेषित पौलाने १ करिंथ ३:१९ मध्ये शास्त्र म्हणून दिलंय. म्हणजे वाक्य खरं होतं. पण राखेत बसलेल्या माणसाला दोषी ठरवायला त्यांनी ते वापरलं, आणि ४२व्या अध्यायात देव त्यांच्यावर कोपला: तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये कोणाला भेटायला गेल्यावर ‘आनंदी हृदय हे उत्तम औषध’ हे वचन तोंडावर येतं, तेव्हा अलीफज आठवावा. नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला त्यातून एकच ऐकू येतं: तुझा विश्वास कमी पडला.

नीतिसूत्राचा खरा वापर कसा असतो, ते सोसायटीत दिसतं. समजा तुमच्या पार्किंगमध्ये कोणीतरी रोज गाडी लावतो. नीतिसूत्रे १५:१ म्हणतं, मृदू उत्तराने राग शमतो. तुम्ही खाली जाता, आवाज न चढवता बोलता, त्याच्या घरी पाहुणे आहेत का विचारता, दोन दिवसांची मुदत देता. दहापैकी आठ वेळा काम होतं. नाही झालं, तो अंगावर धावून आला, तर वचन खोटं पडलं नाही आणि तुमचं मृदू बोलणं वायाही गेलं नाही. तुम्ही सेक्रेटरीकडे लेखी तक्रार करता, आणि तीही मृदू भाषेत. रोम १२:१८ मध्ये पौल अगदी मोजून बोललाय: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीने राहा. ‘शक्य असेल तर’ असं लिहिणारा माणूस फटके खाऊन बसलेला होता.

आता अभिवचनाकडे. इथली गफलत वेगळी असते. देवाचा शब्द पक्का असतो, पण तो कोणाला दिला, कशासाठी आणि कोणत्या अटीवर, हे पाहिल्याशिवाय आपण तो उचलतो. बऱ्याच मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर ताटातून वचनाची चिठ्ठी उचलतात. रांग लागते, डोळे मिटून हात घातला जातो, चिठ्ठी बायबलमध्ये जाते. ही पद्धत मला आवडते. वर्षभर एक वचन मनात घोळवणं चांगलंच. फक्त घरी गेल्यावर ते वचन त्याच्या अध्यायात उघडून वाचायला हवं.

यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला आशा देणारे आहेत. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री हे वचन स्टेटसला ठेवणारी मुलं खूप आहेत. मूळ ओळ एका पत्रातली आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या राजासकट हजारो लोकांना बंदी करून बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये नेलं, त्यांना यिर्मयाने यरुशलेमहून ते पाठवलं. हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाने लिहिलं, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे बाबेलातच मिटणार होते. आणि अकराव्या ओवीच्या आधी त्यांना सांगितलेलं होतं: घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

जालन्याहून किंवा नगरहून येऊन कोथरूडमध्ये तिघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला या अध्यायाने नोकरीचा शब्द दिलेला नाही. पण त्यात त्याच्यासाठी काही नाही असंही नाही. तोच देव आहे, आणि त्याच्या लोकांविषयीचा त्याचा हेतू बदललेला नाही. शिवाय सातवी ओवी त्याला सरळ लागू करण्यासारखी आहे: जिथे आलास ते शहर परकं मानू नकोस, त्याच्यासाठी प्रार्थना कर, तिथे मूळ धर. इंटरव्ह्यूत नाव आलं नाही तरी हे उरतंच.

प्रेषितांची कृत्ये १६:३१ चंही तसंच. ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझं आणि तुझ्या घराण्याचं तारण होईल.’ हा शब्द पौल आणि सीलाने फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याला त्या रात्री दिला. पुढच्याच ओवीत त्यांनी त्याच्या घरातल्या सगळ्यांना वचन सांगितलं, आणि सगळ्या घराण्याने विश्वास ठेवला. नवरा प्रभूत नाही, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवत नाही, म्हणून झुरणाऱ्या बायकांना हे वचन हमीपत्रासारखं दिलं जातं. पण त्याच पौलाने १ करिंथ ७:१६ मध्ये अशाच बायकोला विचारलंय, तू नवऱ्याला तारशील हे तुला काय ठाऊक? त्याने प्रार्थना थांबवायला सांगितलं नाही, तिला आशा दिली आणि ओझं मात्र काढून घेतलं.

मग जुन्या काळात दुसऱ्यांना दिलेलं अभिवचन आपण कधीच घ्यायचं नाही का? घ्यायचं, आणि कसं घ्यायचं ते शास्त्रच दाखवतं. वरच्या दुसऱ्या फ्रेममधलं इब्री १३:५ मुळात अनुवाद ३१ मध्ये इस्राएलाला आणि यहोशवा १ मध्ये यहोशवाला दिलेला शब्द आहे. इब्रीकरांस पत्राचा लेखक तो उचलतो आणि ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना देतो, तेही पैशाचा लोभ धरू नका, आहे त्यात समाधानी राहा, हे सांगताना. २ करिंथ १:२० म्हणतं की देवाची जेवढी म्हणून अभिवचनं आहेत ती ख्रिस्तामध्ये ‘होय’ आहेत. म्हणून मी ती ख्रिस्ताकडून घेतो. यहोशवाला मिळालेला यार्देनपलीकडचा देश माझा नाही. त्याच्याबरोबर राहिलेला देव माझ्याबरोबर आहे.

याच्या उलट गफलतही होते, आणि ती मला जास्त गंभीर वाटते: खऱ्या अभिवचनाला आपण नुसतं चांगलं बोल समजतो. १ योहान १:९ सांगतं की आपण आपली पापं पदरी घेतली तर देव विश्वासू आणि न्यायी आहे, तो क्षमा करील. इथे ‘बहुतेक’ नाही, ‘साधारणपणे’ नाही. तरी वर्षानुवर्षं तेच जुनं पाप दर उपवासकाळात पुन्हा कबूल करणारी, क्षमा मिळाली असेल की नाही म्हणून घाबरणारी माणसं आपल्या बाकांवर बसलेली आहेत. मुलाच्या नोकरीसाठी नीतिसूत्राची हमी मागणारा माणूस स्वतःच्या क्षमेबद्दल मात्र ‘बघू, देवाची मर्जी’ म्हणतो. भार नको तिथे टाकला आणि जिथे टाकायचा तिथे टाकलाच नाही.

काही अभिवचनं तर चिठ्ठ्यांच्या ताटात सहसा नसतातच. योहान १६:३३ मध्ये प्रभू म्हणतो, जगात तुम्हाला क्लेश होतील. पण धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे. केडगावच्या मुक्ती मिशनची पंडिता रमाबाई आठवा. परमेश्वराचं भय आयुष्य वाढवतं, असं नीतिसूत्रे १०:२७ म्हणतं. तिची एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्याच कामात होती, आणि १९२१ मध्ये चाळिशीत गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेली. दहावा अध्याय अभिवचन म्हणून वाचला तर या घराबद्दल काय बोलायचं? योहानाच्या सोळाव्या अध्यायात मात्र हे घर बसतं. रमाबाईने बायबलच्या मराठी भाषांतराचं काम शेवटपर्यंत सोडलं नाही. ते तिच्यामागे १९२४ मध्ये छापून निघालं.

त्या आईकडे परत जायचं तर तिच्यासाठी एक अभिवचन आहे, आणि ते नीतिसूत्रं वापरण्यासाठीच लागतं. याकोब १:५: तुमच्यापैकी कोणी शहाणपणात कमी असेल तर त्याने देवाजवळ मागावं, तो सर्वांना उदारपणे, न रागावता देतो, आणि त्याला ते मिळेल. ही ओवी विश्वासाची परीक्षा पाहणाऱ्या संकटांवरच्या ओव्यांना लागूनच आली आहे. मुलगा चर्चला परत येईल, असं त्यात म्हटलेलं नाही. पण रविवारी संध्याकाळी फोनवर त्याने ‘चर्चचं काही बोलू नकोस, आई’ म्हटलं, तर आज गप्प बसून त्याच्या जेवणाची चौकशी करायची की आज बोलायचं, म्हणजे २६:४ धरायचं की २६:५, हे तिला कळेल. ते कळण्यासाठी तिने मागावं, आणि मिळेल यावर पूर्ण भार टाकावा.