वितळण्याचं गणित आणि 'एक लाख'चा रकाना

प्रवाह आणि उष्णतेचं गणित करणाऱ्या फ्लुएंट या सॉफ्टवेअरमध्ये वितळण्या-गोठण्याचं मॉडेल सुरू केलं की 'मशी झोन (अर्धवट गोठलेला भाग) पॅरामीटर' नावाचा एक रकाना दिसतो. त्यात आधीपासूनच १,००,००० भरलेले असतात. नवखा माणूस त्याला हात लावत नाही. जरा अनुभवी माणूस मॅन्युअल उघडतो, तर तिथे दहा हजारांपासून एक कोटीपर्यंतचे आकडे बहुतेक ठिकाणी चालतील असं लिहिलेलं. हजारपट मोकळीक असलेल्या आकड्याला स्थिरांक म्हणायचं, हे जरा धाडसाचंच. हा आकडा आला कुठून हे समजायचं तर थोडं मागे जावं लागतं.

ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, की बर्फ वितळताना उष्णता घेत राहतो पण त्याचं तापमान हलत नाही. एक किलो बर्फ वितळवायला साधारण ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून जवळपास ८० अंशांपर्यंत तापेल. ही सुप्त उष्णताच सगळ्या गुंत्याचं मूळ आहे. घन आणि द्रव यांच्यामधली सीमा जिथे असते तिथेच ही उष्णता खर्च होते आणि त्या खर्चामुळेच सीमा पुढे सरकते. म्हणजे उत्तर काढायला सीमा कुठे आहे ते माहीत हवं, आणि सीमा कुठे आहे हेच तर उत्तर!

१८३१ मध्ये लामे आणि क्लापेरों यांनी वितळलेला गोळा बाहेरून थंड होत गोठतो कसा, हा प्रश्न हाताळला. डोक्यात पृथ्वीचं कवच होतं. पण या प्रश्नाला नाव मिळालं ते व्हिएन्नाच्या योझेफ श्टेफान यांचं. ध्रुवीय मोहिमांनी समुद्रावरच्या बर्फाच्या जाडीच्या नोंदी आणल्या होत्या. त्यांच्या आधारे त्यांनी १८८९ च्या सुमारास मांडलं, की जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट जाडीला चौपट वेळ. आजही 'श्टेफान प्रॉब्लेम' हेच नाव चालतं.

कागदावर हे सुरेख आहे, पण एकाच दिशेला आणि साध्या आकारात. खरी ओतीव वस्तू वेडीवाकडी असते, कुठे जाड, कुठे पातळ. फाउंड्रीवाल्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. १९४० मध्ये ख्वोरिनोव्ह यांनी सांगितलं, की गोठण्याचा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रायझर, म्हणजे साच्याला जोडलेला जादा रसाचा साठा, ठरवताना अजून हेच मनात असतं: रायझर कास्टिंगच्या नंतर गोठला पाहिजे, नाहीतर धातू आकसल्याने पडणारी श्रिंकेजची पोकळी आतच राहते. पण या नियमात साच्यात वितळलेला रस फिरतो कसा, हे कुठेच येत नाही.

संगणक आल्यावर लोक आधी सीमेच्या मागे धावले. गणितासाठी जागेचे छोट्या चौकटींत तुकडे करणारी जाळी सीमेबरोबर हलवायची, प्रत्येक पायरीला नवी आखायची. सीमा दुभंगली किंवा कोपऱ्यात शिरली की सगळं कोसळायचं. मग हा पाठलागच सोडून देण्याची कल्पना रुजली. तापमानाऐवजी प्रत्येक चौकटीतल्या एकूण उष्णतेचा, म्हणजे एन्थॅल्पीचा, हिशेब ठेवायचा. चौकटीने सुप्त उष्णतेचा किती वाटा घेतला आहे यावरून ती किती वितळली ते कळतं. सीमा वेगळी शोधायची गरज नाही, ती हिशेबातूनच बाहेर पडते. १९८१ मध्ये व्होलर आणि क्रॉस यांनी ही पद्धत अचूकपणे कशी वापरायची ते दाखवलं.

राहिला प्रवाह. इथे एक पुणेकर येतात. सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये इंजिनिअर झाले, मग आयआयटी मुंबई, मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डी. बी. स्पॉल्डिंग यांच्याकडे पीएचडी. या दोघांनी १९७२ मध्ये 'सिम्पल' पद्धत मांडली: दाब अंदाजाने धरायचा, त्यावरून वेग काढायचे, वस्तुमानाचा मेळ बसला नाही तर दाब सुधारायचा, आणि हे जुळेपर्यंत करत राहायचं. पुढे पाटणकर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले. व्होलरही त्याच विद्यापीठात आले.

पण जाळी जागच्या जागी ठेवली तर एक अडचण उभी राहते. चौकट घन झाली हे हिशेबाला कळलं, तरी वेगाच्या समीकरणाला कोण सांगणार? १९८७ मध्ये व्होलर आणि प्रकाश यांनी दिलेलं उत्तर मला अजूनही थोडं खट्याळ वाटतं. अर्धवट गोठलेली चौकट म्हणजे सच्छिद्र माती समजा. जसजशी ती गोठेल तसतशी छिद्रं बुजतात, विरोध वाढतो आणि वेग शून्याकडे जातो. विरोधाचं सूत्र त्यांनी सच्छिद्र पदार्थातल्या प्रवाहाच्या कोझेनी-कारमन समीकरणावरून घेतलं, आणि त्यात गुणायचा स्थिरांक म्हणजेच सुरुवातीच्या रकान्यातला आकडा. कोझेनींचा १९२७ चा मूळ निबंध जमिनीतून पाणी कसं मुरतं यावरचा, आणि तो छापला गेला व्हिएन्नाच्या त्याच अकादमीच्या वृत्तांतात, जिथे श्टेफान यांचा बर्फावरचा लेख आला होता.

मिश्रधातूत या कल्पनेला खरा आधार आहे. तो एका तापमानाला गोठत नाही. मधे बराच वेळ धड द्रव नाही, धड घन नाही अशी अवस्था असते, आणि फांद्या फुटलेल्या स्फटिकांमधून उरलेला रस झिरपत असतो. शुद्ध धातूत मात्र असा थर नसतोच. तिथे ही निव्वळ युक्ती आहे आणि तो स्थिरांक म्हणजे युक्तीचा ब्रेक. फार कमी ठेवला तर घन भाग रेंगाळत वाहतो, फार जास्त ठेवला तर वितळण्याचा वेग बिघडतो.

१९८८ मध्ये ब्रेंट, व्होलर आणि रीड यांनी हीच पद्धत गॅलियम या शुद्ध धातूवर लावली, स्थिरांक १६ लाख धरून. गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ते टेबलावर ठेवायची सोय नाही. तुलनेला चौकोनी पेटीत गॅलियम वितळवण्याचा गाऊ आणि विस्कांता यांचा १९८६ चा प्रयोग होता. गॅलियम अपारदर्शक असल्यामुळे आतली सीमा दिसत नाही, म्हणून त्यांनी ठराविक वेळांनी द्रव ओतून टाकून उरलेल्या घनाचा आकार पाहिला होता. गणित प्रयोगाशी छान जुळलं. द्रवात एकच मोठा भोवरा दिसत होता आणि पेपर प्रमाण ठरला.

पण १९८९ मध्ये डँट्झिग यांच्या गणितात एकाऐवजी अनेक भोवरे निघाले. कोण बरोबर? वाद चौदा वर्षं रेंगाळला. २००३ मध्ये हन्नून, अलेक्सियाडिस आणि माई यांनी दाखवलं, की मॉडेलचं खरं उत्तर अनेक भोवऱ्यांचंच आहे. १९८८ ची जाळी ४२ बाय ३२ एवढी ढोबळ होती की छोटे भोवरे तिच्यात पुसले गेले. प्रयोगाशी जुळणारं चित्र जाळीच्या चुकीतून आलं होतं.

तरीही गॅलियमची ती चौकोनी पेटी नवीन कोडची पहिली परीक्षा म्हणून अजून वापरतात. २००४ पासून मुक्त स्रोत असलेल्या ओपनफोम या अशाच सॉफ्टवेअरमध्येही व्होलर-प्रकाश यांच्या युक्तीवरचं मॉड्यूल आहे. त्यात विरोधाचा स्थिरांक दिला नाही तर कोड स्वतःच एक लाख धरतो.