पासपोर्टचा फोटो परत का येतो आणि तो नीट कसा काढायचा

फोटो कोणाला लागतो, हे आधी पाहू. भारतात पासपोर्ट सेवा केंद्रात जाणाऱ्या मोठ्या माणसाला स्वतःचा फोटो न्यावा लागत नाही. अ काउंटरवर बोटांचे ठसे घेतात, तेव्हाच फोटोही काढतात. फोटो न्यायचा तो चार वर्षांखालच्या मुलाचा: ४.५ × ३.५ सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, अलीकडचा. दुसरा गट परदेशातून भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्यांचा. दुबई, न्यू जर्सी, लंडन, कुठेही असा, फोटो तुम्हालाच द्यावा लागतो आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, निकषात बसावा लागतो. फोटो परत येण्याच्या तक्रारी मुख्यतः या दोन गटांच्याच.

निकष इतके काटेकोर असण्याला कारण आहे. ई-पासपोर्टच्या चिपमध्ये चेहऱ्याची प्रतिमा साठवलेली असते. विमानतळावरचे यंत्र त्या प्रतिमेची समोरच्या माणसाशी तुलना करते. डोळ्यांवर केस आले, गालावर सावली पडली किंवा ॲपने नाक बारीक केले, तर यंत्राच्या दृष्टीने तो चेहराच बदलतो. म्हणून फोटो ‘छान’ येण्यापेक्षा खरा येणे महत्त्वाचे.

परदेशातल्या अर्जासाठीचे माप असे: रंगीत फोटो, ६३० × ८१० पिक्सेल, डोके आणि खांद्यांचा वरचा भाग दिसेल असा, चेहरा फोटोच्या ८० ते ८५ टक्के. पार्श्वभूमी पांढरी. कॅमेरा दीड मीटरवर. डोळे उघडे, तोंड मिटलेले, मान सरळ. चष्म्यावर चकाकी येते, म्हणून तो काढून ठेवायचा. संगणकावर फोटोत बदल केलेला चालत नाही. डोक्यावर काही नको, धार्मिक कारण असेल तरच अपवाद. तेव्हाही हनुवटीच्या टोकापासून कपाळाच्या वरपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या कडांपर्यंत चेहरा स्पष्ट दिसायला हवा. आजोबांची टोपी फोटोपुरती उतरवा आणि आजींचा पदर खांद्यावर घ्या. घरच्यांनी हे आधीच सांगून ठेवले, तर आयत्या वेळी त्यांना अवघडल्यासारखे होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मापात. अमेरिकेत दुकानातून मिळतो तो २ × २ इंचाचा चौकोनी फोटो. अर्जाला हवा उभा. मग फाइल एखाद्या वेबसाइटवर टाकून सरळ ६३० × ८१० केली जाते. ६०० × ६०० चा चौकोन असा ओढला, तर चेहरा रुंदीच्या मानाने सुमारे २९ टक्के लांब होतो. आपल्या डोळ्याला एकदम लक्षात येत नाही, तपासणीत मात्र लगेच पकडले जाते. हा फोटो ताणायचा नसतो, कापायचा असतो. ६३० आणि ८१० यांचे प्रमाण ७:९ आहे, म्हणजे ३.५ × ४.५ सेंटिमीटरचेच. फोनमधल्या क्रॉपमध्ये हे प्रमाण पक्के करा, चेहरा मापात बसवून कापा आणि मगच पिक्सेल कमी करा.

मूळ फोटो मोठा का हवा, तेही बघा. चौकोनी फोटो १२०० × १२०० चा असेल आणि त्यात हनुवटीपासून टाळूपर्यंतचे डोके ७२० पिक्सेलचे असेल, तर ६७५ × ८६८ चा तुकडा कापता येतो. तो थोडा लहान केला की काम झाले. पण मूळ फोटोच ६०० × ६०० चा असेल, तर हाती जेमतेम ३३८ × ४३४ चा तुकडा येतो. तो जवळपास दुप्पट फुगवावा लागतो आणि चेहरा धुरकट होतो. फोटो अस्पष्ट म्हणून परत येतो, त्यामागे कॅमेऱ्याच्या दोषापेक्षा हे फुगवणे किंवा व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवणे असते. व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आयफोनची फाइल बऱ्याचदा एचईआयसी प्रकारची असते. तिच्या नावापुढे जेपीजी लिहिले म्हणून ती जेपीजी होत नाही, ती रीतसर बदलून घ्या. छापलेल्या फोटोचा पुन्हा मोबाइलने फोटो काढू नका. कागदाची चकाकी आणि तिरपेपणा त्यात उतरतोच.

दुसरे मोठे कारण सावली. भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले की कानामागे काळी किनार पडते. फ्लॅश मारला तर ती आणखी गडद होते, शिवाय कपाळ चमकते आणि बुबुळे लाल येतात. उपाय सोपा आहे. दिवसा, खिडकीकडे तोंड करून, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे उभे राहा. खिडकीतून थेट ऊन नको, नुसता उजेड हवा. डोक्यावरचा दिवा बंद करा. त्याने डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात, आणि बल्ब पिवळा असेल तर पांढरी भिंतही पिवळट दिसते. कपाळावरचे तेल आणि घाम पुसून घ्या. पांढरा शर्ट नको, खांदे भिंतीत विरघळतात. निळा, मरून, गडद हिरवा असा कुठलाही गडद रंग चालेल.

सेल्फी काढू नका. हातभर अंतरावरून नाक मोठे आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. दुसऱ्या कोणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने, दीड मीटरवरून, फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून काढायला सांगा. ब्युटी मोड आधी तपासा, कित्येक फोनमध्ये तो आपोआप चालू असतो. पोर्ट्रेट मोडही नको, त्यात केस आणि कानांच्या कडा पुसट होतात. पांढऱ्या भिंतीमुळे फोन उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवले की तो सावरतो.

फोटो स्टुडिओत काढणार असाल तर दोन गोष्टी बजावून सांगा: चेहरा गोरा किंवा गुळगुळीत करायचा नाही आणि पार्श्वभूमी संगणकावर बदलायची नाही. निळ्या पडद्यावर फोटो काढून मागे पांढरा रंग भरला की केसांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात, कधी कानाची पाळीही गायब होते. असा फोटो डागडुजी करून सुधारत नाही. पांढऱ्या पडद्यासमोर पुन्हा काढायला पाच मिनिटे लागतात.

तान्ह्या बाळाचा फोटो सगळ्यात कठीण. पोट भरल्यावर, झोप झाल्यावर काढा. पांढरी चादर इस्त्री करून गादीवर ताणून अंथरा, बाळाला त्यावर उताणे निजवा आणि बरोबर वरून फोटो काढा. तुमची सावली बाळावर पडत असेल तर तुमची जागा बदला, उजेड खिडकीचाच ठेवा. कपाळावरची किंवा गालावरची तीट पुसा, डोळ्यांतले पसरलेले काजळही. चोखणी, खुळखुळा, मान सावरणारा आईचा हात, त्यातली बांगडी, यातले काहीही चौकटीत येता कामा नये. वीस-पंचवीस फोटो एका दमात काढले की डोळे उघडे आणि तोंड मिटलेला एखादा सापडतो.

बाळाच्या फोटोबरोबर कागदपत्रेही तयार ठेवा: जन्मदाखला, आईवडिलांनी सही केलेले ॲनेक्श्चर डी, म्हणजे मुलाच्या पासपोर्टसाठीचे त्यांचे घोषणापत्र, आणि त्यांचे पासपोर्ट असल्यास मूळ प्रती व झेरॉक्स. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. फोटोला स्टेपलर किंवा टाचणी लावू नका. खुणा उमटतात आणि चांगला फोटो वाया जातो. लहान पाकिटात दोन-चार प्रती सुट्या ठेवा.

केंद्रात फोटो काढून घेणाऱ्या मोठ्यांनीही गडद कपडे घालून जावे, केस डोळ्यांवरून मागे घ्यावेत. डोळे मिटलेले किंवा मान तिरकी वाटली, तर अ काउंटरवरच ‘फोटो पुन्हा घ्या’ असे मोकळेपणाने सांगा. ब आणि क काउंटरवर कागदपत्रांची तपासणी आणि मंजुरीचे काम असते, फोटो काढण्याचे नाही.

छापलेला फोटो देण्याआधी पट्टी घ्या. ४५ मिलिमीटर उंचीच्या फोटोत हनुवटीपासून टाळूपर्यंत ३६ ते ३८ मिलिमीटर भरायला हवेत, आणि टाळूच्या वर पांढरी जागा दिसायला हवी. माप कमी भरले तर दुकानदाराला मूळ फाइलमधून जवळचा तुकडा कापून पुन्हा छापायला सांगा. जास्त भरले आणि मूळ फाइलमध्येही केस कडेला चिकटलेले असतील, तर कापायला जागाच उरत नाही. तो फोटो नव्याने काढा, या वेळी थोडे मागे सरकून.