मृत्युपूर्व जबानी

साक्षीने स्वतः पाहिलेले वा ऐकलेलेच न्यायालयात सांगावे आणि त्याची उलटतपासणी व्हावी, या तत्त्वामुळे ऐकीव पुरावा सामान्यतः ग्राह्य धरला जात नाही. मृत्युपूर्व जबानी हा या नियमाचा सर्वांत महत्त्वाचा अपवाद होय. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू ओढवला त्याविषयी केलेले कथन भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ३२(१) नुसार ग्राह्य होते; १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २६ मध्ये आहे. जबानी देताना मृत्यू अटळ असल्याची जाणीव असावी, ही इंग्लंडमधील पारंपरिक अट भारतात नाही.

जबानी तोंडी, लेखी किंवा खुणांनीही देता येते. गळा चिरल्याने वाचा गेलेल्या तरुणीने प्रश्नांना हाताच्या खुणांनी दिलेली उत्तरे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८५ मध्ये ग्राह्य मानली.

महाराष्ट्रात अशा जबान्या विशेषतः विवाहितांच्या जळीत प्रकरणांत वारंवार येतात. पोलिसांच्या पत्रावरून नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी रुग्णालयात येतात, रुग्ण शुद्धीवर आहे का हे डॉक्टरांना विचारतात, नातेवाइकांना बाहेर काढतात आणि शक्यतो प्रश्नोत्तररूपाने, रुग्णाच्याच शब्दांत जबाब लिहून घेतात. तो वाचून दाखवला जातो. हाताची बोटे भाजलेली असल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतात. नातेवाइकांनी रुग्णाला पढवल्याचा संशय बहुतेकदा जबाब घेण्याच्या याच टप्प्यावर शिरतो, त्यामुळे नातेवाइकांना दूर ठेवण्याची दक्षता ही निव्वळ औपचारिकता मानणे घातक ठरते.

ग्राह्यता आणि विश्वासार्हता या मात्र भिन्न बाबी आहेत. आरोपीला मृताची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून न्यायालय जबानी कसून पारखते. नागपूरच्या खुशाल राव खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की जबानी सत्य आणि स्वेच्छेने दिलेली असल्याची खात्री पटल्यास अन्य दुजोऱ्याशिवायही केवळ तिच्या आधारे दोषसिद्धी होऊ शकते. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने डॉक्टरांचा दाखला अनिवार्य नसल्याचे सांगितले. रुग्ण मानसिकदृष्ट्या सक्षम होता, ही जबाब घेणाऱ्याची विश्वासार्ह साक्ष पुरेशी ठरते. एकाहून अधिक जबान्या परस्परविसंगत असतील, तर प्रत्येकीची स्वतंत्र छाननी करावी लागते.

जबानी देणारी व्यक्ती वाचल्यास या अपवादाचा आधार उरत नाही. तिला स्वतः साक्ष द्यावी लागते, आणि आधीचा जबाब त्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा ती खोडण्यासाठी वापरता येतो.