३० बाट आणि त्याआधीची पंचवीस वर्षं

जानेवारी २००१मध्ये थायलंडमध्ये निवडणूक झाली. थाक्सिन शिनावात्रा यांच्या थाई राक थाई पक्षाची घोषणा होती, '३० बाटमध्ये सर्व आजारांवर उपचार'. ३० बाट म्हणजे तेव्हाचे साधारण तेवढेच रुपये. ताप असो की पोटाचं ऑपरेशन, खिडकीवर ३० बाट भरायचे, बाकीचं सरकार बघेल. पक्ष निवडून आला. एप्रिलमध्ये सहा प्रांतांत योजना सुरू झाली, जूनमध्ये आणखी पंधरा प्रांतांत, आणि एप्रिल २००२पर्यंत सगळ्या देशात. त्याआधी सुमारे ६.२ कोटी लोकसंख्येतल्या १.८ कोटी लोकांना कसलंच आरोग्य संरक्षण नव्हतं.

आजारपणापायी जमीन गहाण पडलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. म्हणून या वर्षभराचं मला फार अप्रूप वाटतं. निवडणुकीतलं आश्वासन एवढ्या लवकर दवाखान्याच्या खिडकीपर्यंत पोहोचतं कसं? नेत्याची इच्छाशक्ती, असं उत्तर सहसा मिळतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. आपल्याकडे 'आधी कळस मग पाया' म्हणतात, तसं तिथे झालं नाही. पाया आधीच भरलेला होता.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून थायलंडमध्ये नव्या डॉक्टरांना तीन वर्षं सरकारी सेवा सक्तीची होती, आणि ती बहुतेकांना खेड्यापाड्यात करावी लागे. १९८२ ते १९८६ या काळात सरकारने त्याहून अवघड निर्णय घेतला. शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांच्या नव्या बांधकामांचा पैसा रोखून तो ग्रामीण भागाकडे वळवला. प्रत्येक अम्फोत, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या विभागात, आपल्या ग्रामीण रुग्णालयाएवढं लहान रुग्णालय आणि त्याखाली गावांतली आरोग्य केंद्रं उभी राहिली. त्यामुळे योजना जाहीर झाली तेव्हा रुग्णाने जायचं कुठे, हा प्रश्नच उरला नव्हता. कार्ड हातात आहे पण पन्नास मैलांत डॉक्टर नाही, तर ती बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

तालुक्याच्या रुग्णालयांत राबलेल्या या डॉक्टरांपैकीच एक सांगुआन नित्तयारम्फोंग. तरुणपणी ते सिसाकेत या गरीब प्रांतातल्या रासी सलाई इथे काम करत होते. पुढे आरोग्य मंत्रालयात गेल्यावर सगळ्यांना पुरेल अशा योजनेचा हिशेब त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडला, आणि तो घेऊन ते राजकीय पक्षांकडे गेले. थाई राक थाईने तो उचलला. दुसरीकडे स्वयंसेवी संघटना अशाच कायद्यासाठी सह्या गोळा करत होत्या, कारण १९९७च्या राज्यघटनेने ५०,००० नागरिकांना विधेयक मांडण्याचा हक्क दिला होता. प्रवेस वासी या ज्येष्ठ डॉक्टरांनी याला 'डोंगर हलवणारा त्रिकोण' म्हटलं. अभ्यास, लोकांची चळवळ आणि राजकीय सत्ता हे त्याचे तीन कोन.

पण मला विचाराल तर योजना टिकली ती पैसे देण्याच्या पद्धतीमुळे, आणि याच भागाची चर्चा सर्वांत कमी होते. रुग्णालयाने प्रत्येक तपासणीचं, प्रत्येक इंजेक्शनचं बिल पाठवायचं आणि सरकारने ते भागवायचं, अशी पद्धत असली की तपासण्या वाढत जातात. त्यासाठी कोणी लबाड असावं लागत नाही. थायलंडच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या योजनेत हेच झालं, खर्च फुगत गेला. नव्या योजनेत म्हणून दरडोई पैसे ठरवले, सुरुवातीला वर्षाला १,२०२ बाट. बाह्यरुग्ण सेवेसाठी जेवढे लोक नोंदलेले, तेवढ्यांचे पैसे आधीच मिळणार. दाखल झालेल्या रुग्णांसाठी आजाराच्या गटाप्रमाणे दर, तेही ठरलेल्या एकूण रकमेतून. आता माणूस आजारी पडू नये यातच रुग्णालयाचा फायदा. मधुमेहाच्या रुग्णाला वेळेवर गोळ्या दिल्या तर पुढे पाय कापावा लागण्याचा खर्च वाचतो. यात धोकाही आहे: पैसे वाचवायला उपचारच टाळले तर? तक्रारीसाठी १३३० हा फोन क्रमांक सुरू झाला, आणि योजनेच्या मंडळावर नागरी संघटनांचे प्रतिनिधी कायद्यानेच बसवले गेले.

दरडोई पैशाने आणखी एक गोष्ट केली. निधी इमारती आणि डॉक्टर आहेत तिकडे जायचा, तो माणसं आहेत तिकडे जाऊ लागला. ईशान्येकडच्या दाट वस्तीच्या गरीब प्रांतांचा फायदा झाला. ज्या मोठ्या रुग्णालयांत डॉक्टर भरपूर होते त्यांची ओढाताण झाली, कारण पगारही त्याच रकमेतून धरले होते. विरोध कडाडून झाला. सरकारला आपत्कालीन निधी काढून तडजोड करावी लागली. तरीही नोव्हेंबर २००२मध्ये राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला आणि पैसा मंत्रालयाऐवजी एका वेगळ्या संस्थेच्या हाती आला. तिचे पहिले प्रमुख सांगुआनच होते.

विमा हप्ता मात्र कोणाकडून घेतला नाही. शेतकरी, फेरीवाले, रोजंदारीवरचे मजूर यांच्याकडून दरमहा हप्ता वसूल करण्यात निम्मी शक्ती जाते, म्हणून खर्च थेट करांमधून.

२००६मध्ये लष्कराने थाक्सिन यांचं सरकार उलथवलं. ही त्यांचीच ओळख बनलेली योजना, ती आता जाणार असं वाटणं स्वाभाविक होतं. नव्या सरकारने योजना ठेवली आणि ३० बाटही माफ केले. २०१४च्या बंडानंतरही ती राहिली. तोपर्यंत साडेचार कोटींहून अधिक लोकांच्या रोजच्या जगण्यात ती मुरली होती. गरीब प्रांतांत बालमृत्यू श्रीमंत प्रांतांपेक्षा जास्त असत. योजना आल्यावर ते नातं जवळजवळ पुसलं गेल्याचं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं.

सगळं पहिल्या दिवसापासून मिळालं नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं डायलिसिस खर्चामुळे आधी वगळलं होतं, आणि त्यापायी घरं विकली गेली. सांगुआन यांनी ते योजनेत यावं म्हणून धडपड केली. ते स्वतः कर्करोगाने आजारी होते. जानेवारी २००८मध्ये त्यांचं निधन झालं, त्याच महिन्यात डायलिसिस योजनेत आलं. यंत्रं आणि केंद्रं कमी, म्हणून आधी पोटातून करायच्या डायलिसिसवर भर दिला. रुग्ण घरीच दोन लिटरची पिशवी खुंटीला टांगतो, नळीने द्रव पोटात सोडतो, काही तासांनी बाहेर काढतो, दिवसातून साधारण चार वेळा. त्या जड पिशव्यांची खोकी पोस्टाची गाडी त्याच्या दारात आणून उतरवते.