नुवारा एलियात स्वेटर का लागतो?

कोलंबो फोर्ट स्टेशनवर घेतलेलं वेफर्सचं पाकीट नानू ओयाला, म्हणजे श्रीलंकेतल्या नुवारा एलिया या थंड हवेच्या गावाजवळच्या स्टेशनवर पोहोचेपर्यंत उशीसारखं टम्म फुगलं होतं. गाडीत चढताना घामाने शर्ट पाठीला चिकटत होते आणि इथे उतरताना जो तो बॅगेतून स्वेटर शोधत होता. आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "डोंगरावर आलो म्हणजे सूर्याच्या जवळच आलो ना? मग गारठा कसला?"

सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब आहे आणि आपण चढलो दोन किलोमीटरसुद्धा नाही, म्हणजे जवळ-लांब हा मुद्दाच बाद. पण "वर हवा विरळ, म्हणून थंड" हे आपण परीक्षेत लिहायचो ते उत्तरही अपुरं आहे. विरळ हवा थंडच असायला हवी असं काही नाही. जमिनीपासून ५० किलोमीटरवर हवेचा दाब इथल्या साधारण हजाराव्या भागाइतका उरतो, तरी तिथलं तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं. विमानं उडतात त्या १० किलोमीटरवर मात्र उणे ५०!

खरी गंमत त्या फुगलेल्या पाकिटात आहे. ऊन बरंचसं हवेतून आरपार जातं आणि जमीन, समुद्र तापवतं. त्यांना चिकटून असलेली हवा तापते, हलकी होते आणि वर जाऊ लागते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते. फुगायचं तर भोवतालच्या हवेला ढकलून जागा करावी लागते. ढकलणं हे काम, आणि कामाला ऊर्जा हवी. ती आणायची कुठून? हवा उष्णतेची वाईट वाहक, त्यामुळे शेजाऱ्याकडून फारसं काही मिळत नाही. मग ती आपल्याच रेणूंच्या धावपळीतून ऊर्जा खर्च करते. रेणू मंदावतात आणि तापमान म्हणजे तरी रेणूंची ही धावपळच. बाहेरून कुणीही गार न करता हवा गार होते! सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटकतं, तो याचाच उलटा प्रकार.

कोरडी हवा दर १,००० मीटर चढाईला ९.८ अंशांनी निवते. श्रीलंकेसारख्या बेटावरची हवा मात्र बाष्पाने भरलेली. ढग बनताना त्या बाष्पातली सुप्त उष्णता सुटते आणि थंड होण्याचा वेग निम्म्यावर येतो. पृथ्वीभरची सरासरी धरतात ६.५ अंश. आता हिशेब करू. कोलंबोचं वार्षिक सरासरी तापमान २७-२८ अंश, नुवारा एलियाची उंची १,८६८ मीटर, म्हणजे १२ अंशांची घट. उरले १५-१६, आणि तिथली सरासरी खरोखरच त्याच्या आसपास आहे. विषुववृत्त जवळ असल्यामुळे महिन्यामहिन्यातही दोन-तीन अंशांचाच फरक. शाळेतल्या भौतिकशास्त्राने एका गावाचं हवामान असं वहीत उतरवता येतं, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

थंड हवेच्या ठिकाणी "हवेत ओझोन असतो, म्हणून तब्येत सुधारते" असं अजूनही ठासून सांगितलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका. श्वासातून जाणारा ओझोन फुप्फुसांना त्रासदायकच असतो. तो उपयोगी पडतो खूप वर, जिथे तो अतिनील किरण शोषतो. त्या ५० किलोमीटरवरच्या उबेचं कारणही तेच.

जानेवारी-फेब्रुवारीत नुवारा एलियाच्या चहामळ्यांवर हिम पडल्याच्या बातम्या येतात. ते आकाशातून पडत नाही. निरभ्र, शांत रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात, जड गार हवा खोलगट भागात साचते आणि दव गोठतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी होतं ते हेच.

जून ते सप्टेंबरात मात्र याच बेटावर दोन हवामानं नांदतात. समजा, नैर्ऋत्येचा वारा २,००० मीटर चढला. पहिले ५०० मीटर कोरडी घट, ५ अंश. पुढचे १,५०० मीटर ढगातून, हजारामागे ५ धरले तर साडेसात. एकूण घट साडेबारा. पाऊस अलीकडच्या उतारावर पडून गेला, त्यामुळे पलीकडे उतरताना हवा कोरडीच. ती २,००० मीटरला जवळपास २० अंश तापते. म्हणजे निघाली होती त्याहून सात अंश गरम होऊन ती खाली पोहोचते! पूर्वेकडचे लोक या कोरड्या वाऱ्याला कच्चान म्हणतात.

जुलैत नुवारा एलियात छत्री मिटता येत नाही, तेव्हा डोंगरापलीकडे बंडारवेलाला लख्ख ऊन असतं. त्या कोरड्या वाऱ्यात चहाची पानं सावकाश वाढतात आणि त्यांच्यात वेगळा सुगंध उतरतो. बंडारवेला ज्यात येतं त्या ऊवा प्रांताचा नावाजलेला चहा याच दोन-तीन महिन्यांतला. घेणार असाल तर पाकिटावर खुडणीचा महिना बघून घ्या.