बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आणि हातातला गिंबल: लग्नात कोण कुठे कामाचं

लगीनसराईच्या तोंडावर नागपुरातली नवी व्हिडिओवाली पोरं हमखास विचारतात, "भाऊ, बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, मग गिंबल कशाले घ्यायचा?" बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, स्टॅबिलायझेशन म्हणजे हलणारं चित्र स्थिर ठेवणं, आणि गिंबल म्हणजे कॅमेरा बसवायची मोटारींची मूठ. काहींचं उलटं असतं. गिंबल आधीच घेतलेला, बॉडी मात्र जुनी, स्टॅबिलायझेशन नसलेली. दोघांनाही वाटतं की काम एकच, फक्त एक वस्तू कॅमेऱ्याच्या आत बसते आणि दुसरी बाहेरून लावायची. पण कॅमेरा हलतो तो दोन तऱ्हांनी. उभ्या माणसाचा हात थरथरतो ते वेगळं आणि चालताना अख्खं अंग हेलकावतं ते वेगळं. पहिल्यावर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन चालतं, दुसऱ्यावर गिंबल.

बॉडीत काय घडतं ते आधी बघू. चित्र टिपणारा सेन्सर घट्ट बसवलेला नसतो, चुंबकांच्या जोरावर तो सरकू शकतो. कॅमेरा किती कलला हे जायरो नावाचा मोजणारा भाग सांगतो आणि तेवढाच सेन्सर उलट दिशेला सरकतो. ऑलिम्पसने २०१२ मध्ये पाच अक्षांचं, म्हणजे पाच तऱ्हांची हालचाल सावरणारं, स्टॅबिलायझेशन आणलं, २०१४ मध्ये सोनीच्या ए७ टू मुळे ते फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात आलं. लग्नात त्याची खरी किंमत मंगलाष्टकांच्या वेळी कळते. स्टेजसमोर नातेवाइकांची भिंत उभी असते, म्हणून तुम्ही मागून ८५ मिमीची लेन्स लावून नवरीचे डोळे टिपत असता. लेन्स जितकी लांब, तितका हाताचा बारीक थरथराट मोठा दिसतो. स्वतःचा श्वाससुद्धा फ्रेममध्ये जाणवतो. हा थरथराट बॉडी गिळून टाकते, आणि खाली मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) असला तर शॉट जवळजवळ ट्रायपॉडसारखा येतो.

पण सेन्सर सरकून सरकून किती सरकणार? काही मिलिमीटर. पाऊल पडलं की कॅमेरा त्याच्या कितीतरी पट हलतो. सेन्सर कडेला जाऊन टेकतो, परत मध्यावर येतो आणि फुटेजमध्ये झटका दिसतो. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवतानाही, कधी कधी चित्र आधी अडतं आणि मग उडी मारतं, कारण तुम्ही मुद्दाम वळताय की हात हलला, हे कॅमेऱ्याला लगेच कळत नाही. रुंद लेन्सवर आणखी एक त्रास. कॅमेरा थोडा वळला की कोपऱ्यातलं चित्र मधल्यापेक्षा जास्त सरकतं, पण सेन्सर तर एकच, तो अख्खाच सरकणार. मध्य जुळला की कोपरे चुकतात. म्हणून १६ च्या लेन्सने चालत शूट केलेल्या मांडवाचे खांब कडेला पाण्यात असल्यासारखे डुलतात.

डब्यावरच्या आकड्यावरून गोंधळ आणखी वाढतो. दर स्टॉपला वेळ दुप्पट, म्हणून 'पाच स्टॉप' म्हणजे ३२ पट जास्त वेळ शटर उघडं ठेवून हातातून फोटो काढता येईल. ते मोजमाप फोटोसाठीचं आहे. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेमवर शटर १/५० सेकंदाच्या आसपासच राहतं, आणि वरातीत चालताना काय होईल हे तो आकडा सांगत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत वेगळा इलेक्ट्रॉनिक मोडही असतो. तो चित्र थोडं कापतो, आणि कमी उजेडात फ्रेम स्थिर दिसली तरी तिच्यातला फराटा तसाच राहतो.

गिंबल अख्खा कॅमेराच धरून ठेवतो. तीन मोटारी, तीन अक्ष: डावं-उजवं वळणं, वर-खाली झुकणं, कडेला कलणं. त्याला मिलिमीटरची अडचण नाही. वरातीत बँडसोबत मागे मागे चालताना, लॉनच्या गेटपासून स्टेजपर्यंत नवरीसोबत येताना त्याला तोड नाही. तरी एक गोष्ट त्यालाही जमत नाही: पावलागणिक कॅमेरा वर-खाली होतो ते. गॅरेट ब्राऊन यांच्या स्टेडीकॅममध्ये, म्हणजे अंगाला बांधून कॅमेरा पेलायच्या साधनात, सत्तरच्या दशकापासून हे काम स्प्रिंगचा हात करतो. आपल्या हातातल्या गिंबलला तो हात नाही. ते काम गुडघ्यांनी करायचं: जरा वाकवून, आधी टाच, मग चवडा, आणि लहान पावलं. हा सराव न करता गिंबलला दोष देणारे पुष्कळ भेटतात.

माझी एक चूक सांगतो, ती अजून सलते. वर्धा रोडच्या एका लॉनवर वरात आटोपली आणि मी गिंबलवरची लेन्स बदलली. लेन्स बदलली की गिंबलवर कॅमेऱ्याचा तोल पुन्हा साधावा लागतो. अंधारात ते करता करता शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. माझ्याकडे नवरीच्या चेहऱ्याऐवजी पाठमोरी गर्दी होती. तो क्षण त्या घराला परत मिळणार नव्हता. तेव्हापासून विधीच्या वेळी माझ्या हातात फक्त बॉडी आणि मोनोपॉड असतो.

आपल्या नागपुरात बौद्ध पद्धतीची लग्नंही खूप. वंदना, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, सगळं स्टेजवर आणि शांतपणे. तिथे प्रवेशाचा शॉट सोडला तर गिंबल मी बॅगेतून काढतही नाही.

गिंबलवर असताना बॉडीतलं स्टॅबिलायझेशन चालू ठेवायचं का, यावर दुमत आहे. मी रुंद लेन्सवर बंद करतो, ५० च्या पुढे चालू ठेवतो. तुमच्या कॅमेऱ्याचं घरीच तपासा, गिऱ्हाइकाच्या दारात नाही. आणि मे महिन्याचा विचार करा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांची मर्यादा असते, गिंबलच्या पुस्तिकेत ४५ ची, आणि आपला पारा तर ४५ पार करतो. दुपारच्या वरातीत दोन्ही सावलीत ठेवा. शिवाय तीन-साडेतीन किलो पुढे धरून तासभर चालायचं तर हातही साथ द्यायला हवेत.

पैसे मोजके असतील तर माझं मत स्पष्ट आहे: आधी चांगलं स्टॅबिलायझेशन असलेली बॉडी, मग मोनोपॉड, आणि गिंबल सुरुवातीला भाड्याने. मात्र लग्नाच्या सकाळी घ्यायला जाऊ नका. आदल्या संध्याकाळीच आणा, ज्या लेन्सने वरात करणार तीच लावून तोल साधा, आणि कॅमेरा बसवायची प्लेट जिथे थांबली तिथे टेपची खूण करून ठेवा.