ससा पिंजऱ्यातच का राहिला

शिक्रापूरजवळ आमच्या मावसभावाच्या घरामागे जाळीच्या खणांचं एक लोखंडी रॅक उभं आहे. प्रत्येक खणाला पाण्याचं निपल, लेंड्या खाली गळून जाव्यात म्हणून तळाला जाळी. सध्या वरच्या खणांत कांदे पसरलेत, खालच्या एकात वहिनींची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते. 2018 साली या रॅकमध्ये ससे होते. टेम्पोतून उतरवताना बघायला अर्धी वाडी जमली होती. मटणासाठी ससे पाळायचे ही कल्पना पुण्याच्या आसपास कुठून आली आणि ती कांद्याच्या चाळीपाशी का येऊन थांबली, त्याची ही हकिगत.

आधी एक घोळ मिटवायला हवा. आपल्या मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन जनावरांना पुरतो. मावळात किंवा पुरंदरकडे म्हातारी माणसं 'सशाचा रस्सा' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रानातला ससा असतो. खाकी अंगाचा, मानेवर काळा पट्टा असलेला, बीळ न करता गवतात दबून बसणारा. आपण ज्याला ससेहोलपट म्हणतो ती याचीच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार गुन्हा आहे. पिंजऱ्यातला पांढरा ससा मात्र युरोपातून आलेला, जमिनीत बिळं खणणारा. रानसशाची पिल्लं जन्मताच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. पाळीव सशाची बिनकेसांची, आंधळी, आईनं स्वतःची लव उपटून केलेल्या गादीवर पडलेली. दोघांचं एकमेकांशी प्रजनन होत नाही. पण गिऱ्हाईक काही गुणसूत्रं मोजत नाही. हॉटेलवाल्याला 'ससा आहे' म्हटलं की तो आधी इकडेतिकडे बघतो, हा अनुभव मावसभावानं तीनदा घेतला.

पाळीव सशाचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. रोमन लोक भिंती घातलेल्या आवारात ससे-रानससे राखत आणि खात. इसवी सन 600 च्या सुमाराला पोपनं सशाची पिल्लं उपवासाला चालतात असं जाहीर केलं आणि त्यातून मठांत ससे माणसाळले, अशी गोष्ट पुस्तकापुस्तकातून फिरत आली होती. 2018 मध्ये संशोधकांनी मूळ कागद तपासले तेव्हा असा आदेश सापडलाच नाही. म्हणजे ससा कुणा एकाच्या फर्मानानं माणसाळला नाही. खाणाऱ्यांच्या अंगणात तो हळूहळू रुळत गेला. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये परसातलं खुराडं हे आपल्याकडच्या गावरान कोंबड्यांसारखं होतं: भाजीचे देठ घालायचे, पाहुणा आला की एक काढायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मटण रेशनवर गेल्यावर लोकांनी घरामागे ससे पाळले, सरकारनंही त्याला उत्तेजन दिलं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पाळणाराच खाणारा होता.

भारतात मटणाचा ससा आला तो सरकारी दारानं. राजस्थानात अविकानगरला 1962 मध्ये केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली. लोकरीच्या निमित्तानं तिचा सशाशी संबंध आला, कारण अंगोरा ससा लोकर देतो. त्याचं काम कुलू खोऱ्यात गारसाला चालतं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मटणाच्या जातीही आल्या: न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट. (न्यूझीलंड व्हाइट ही जात तयार झाली अमेरिकेत. नावावर जाऊ नये.) दक्षिणेत कोडाईकनालजवळ मन्नवनूरला याच संस्थेचं केंद्र आहे. केरळात कृषी विद्यापीठानं लक्ष घातलं आणि तिथं ससा खरोखर स्वयंपाकघरात शिरला. सगळी मटणं खाणारी घरं आणि डोंगराळ भागातली थंड हवा, दोन्ही तिथं होतं.

पुण्यात यातलं काय होतं? हवा तर नव्हतीच. सशाला घाम जवळजवळ येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून टाकतो. पारा 30 च्या वर राहू लागला की नराचं वीर्य बिघडतं, माद्या गाभ धरत नाहीत, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तो 38-40 ला जातो. मावसभाऊ त्या दिवसांत रॅकवर ओली गोणपाटं टाकायचा आणि पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून खणाखणांत ठेवायचा. ससे बाटलीला पोट लावून आडवे पडलेले असत. पहिल्या उन्हाळ्यात अकरा दगावले.

चाऱ्याची मात्र चंगळ होती. पुणे-नगर पट्ट्यात लसूणघास भरपूर, राहुरीच्या विद्यापीठाचं आरएल-88 वाण बांधावर उभंच असतं. गाभण काळ 30-31 दिवसांचा, एका वेळी सहा-आठ पिल्लं, बारा आठवड्यांत दोन किलोचा जीव. गणित कागदावर इतकं गोंडस दिसतं की कुणाचंही डोकं फिरावं. मावसभावाला ससे विकणाऱ्या योजनेच्या पत्रकातही तेच होतं: एक युनिट म्हणजे सात माद्या, तीन नर, आणि खाली वर्षाअखेरच्या आकड्यापुढे शून्यांची रांग.

आता खरी गोम. पुण्याच्या आसपासच्या शेतकऱ्याला 'करार' हा शब्द ब्रॉयलरनं शिकवला. तिथं कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते. पक्षी तिचाच असतो, शेतकऱ्याचं शेड आणि कष्ट, आणि बॅच उचलली की किलोमागे वाढवण्याचे पैसे. मर पडली तर कंपनीचंही नुकसान, म्हणून तिचा सुपरवायझर फेरी मारतो. सशाची योजना घेऊन आलेल्यांनी भाषा तीच वापरली: आम्ही देऊ, आम्हीच उचलू. पण पैसा उलट दिशेनं वाहत होता. इथं शेतकऱ्यानं पैदाशीचे ससे आणि पिंजरे आधी रोख विकत घ्यायचे. देणाऱ्याचा धंदा त्याच दिवशी पुरा झालेला. उचललेली पिल्लं कुठं जायची, तर पुढच्या शेतकऱ्याकडे, पुन्हा पैदाशीसाठी म्हणून. साखळीत कुठेच कुणी ससा खात नव्हतं. मावसभावाची दोन वेत उचलली गेली, पैसेही मिळाले आणि त्या भरवशावर त्यानं आणखी दोन युनिटं घेतली. तिसऱ्या वेताला फोन लागेना.

यात नवं काही नव्हतं. 2012 च्या सुमाराला तामिळनाडूत ईमूचा असाच फुगा फुटला आणि त्याची झळ आपल्याकडच्या ईमूवाल्यांनाही लागली. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीचं तेच झालं. पक्षी-प्राणी बदलत गेले, पत्रकाचा मजकूर जवळपास तोच. मला ईमू आणि कडकनाथपेक्षा सशाचं जास्त वाईट वाटतं, कारण तो खरंच चांगलं मटण देणारा प्राणी आहे. पांढरं, कमी चरबीचं, कोंबडीपेक्षा थोडं घट्ट.

कायद्यानंही मधे एक वळण घेतलं. 2014 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, खाण्यासाठी कापायच्या जनावरांच्या यादीबाहेरच्या प्राण्यांची कत्तल चालणार नाही असं बजावलं आणि यादीत ससा नव्हता. केरळातल्या पाळणाऱ्यांनी आरडाओरडा केला, पुढे पाळीव ससा नियमांत आला. पुण्यात या सगळ्याची फारशी चर्चाही झाली नाही. विकणारेच थोडे, खाणारे त्याहून थोडे.

आणि घरातली अडचण राहिलीच. 2017 मध्ये व्हेनेझुएलात मटणाची टंचाई असताना सरकारनं वस्त्यांमध्ये सशाची पिल्लं वाटली. अधिकारी पाहणीला गेले तर लोकांनी त्यांच्या गळ्यात रिबिनी बांधलेल्या आणि रात्री शेजारी घेऊन झोपत होते. शिक्रापूरला वेगळं काय झालं? फोन बंद झाल्यावर मावसभावानं ठरवलं, आता आपणच खाऊ. धाकट्या पुतणीनं तोवर निम्म्यांना नावं दिलेली. माळकरी मावशी म्हणाली, माझ्या भांड्यात नको. शेवटी एका रविवारी त्यानं मागच्या बाजूला तीन दगडांची चूल मांडली, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून एक शिजवला. खायला आम्ही दोघंच. रस्सा झक्कास झाला होता. उरलेले ससे पाळायला म्हणून पुण्यातल्या एका दुकानदारानं नेले, जोडीनं नाही, नगावर. पिंजरे भंगारवाला किलोनं मागत होता. भाव ऐकून वहिनी म्हणाल्या, राहू द्या, कांद्याला होतील.